दुकानात भरपूर, डोंगरावर मूठभर : चिंचिला पाळणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र

चिंचिला पाळणाऱ्या, विकणाऱ्या आणि यंदा घ्यायचाच असं ठरवून बसलेल्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. कुत्री-मांजरं तर रोजचीच. पण अलीकडे ससे, गिनी पिग, हॅमस्टर यांच्या रांगेत अधूनमधून एखादा चिंचिलाही येऊन बसतो. दाट, मऊ लवेचा, कुरतडणारा हा छोटा प्राणी. हे पत्र लिहायला निमित्त झालं ते मे महिन्यातल्या अशाच एका दुपारचं.

बारावीतला एक मुलगा वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून आला. मांडीवर भाजीची प्लास्टिकची बास्केट, वर ओला पंचा. पंचा उचलला तर आत चिंचिला कुशीवर पडलेला. एरवी फिकट राखाडी दिसणारे कान लालभडक झालेले, तोंड उघडं, हनुवटीखालची लव लाळेनं चिकटलेली. सकाळी अकराला लाइट गेले होते, एसी बंद पडला होता आणि घरच्यांनी काळजीपोटी त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं होतं. ते पाणी केसांत तसंच अडकून बसलं होतं, कारण या प्राण्याच्या अंगावरून ओल लवकर जात नाही. मी त्याला उचलायला हात घातला आणि मुठीत केसांचा पुंजकाच निघून आला. मुलगा रडकुंडीला आला. "मी काही केलं नाही हो डॉक्टर!" त्यानं खरंच काही केलं नव्हतं. चिंचिला घाबरला की पकडलेल्या जागचे केस सोडून देतो. डोंगरावर कोल्ह्याच्या तोंडात पुंजका राहतो आणि प्राणी निसटतो. माझ्या टेबलावर कोल्हा नव्हता, पण त्याला ते कसं कळावं?

त्याला हळूहळू थंड करण्यात दोन तास गेले. घाईनं थंड करून चालत नाही, म्हणून सगळे नुसते बसून होतो. तेवढ्यात वडील मुलाची समजूत घालायला म्हणाले, "रडतोस काय, नाही वाचला तर दुसरा आणू. दुकानात भरपूर आहेत." मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, जंगलात संपत आलेत ते! दुकानवाले काका म्हणाले, आपल्यासारखे लोक पाळतात म्हणूनच ते वाचलेत."

दोघंही मनापासून बोलत होते. ही दोन्ही वाक्यं मी तुमच्यापैकी कितीतरी जणांकडून ऐकली आहेत. 'भरपूर आहेत' आणि 'पाळतो म्हणून वाचलेत'. पहिलं दुकानापुरतं खरं आहे, दुसरं अजिबात खरं नाही. ते का, हे सांगायला मला तुम्हाला तुमच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या गावी न्यावं लागेल.

त्याचं गाव दक्षिण अमेरिकेत, चिलीत आहे. राजधानी सँटिआगोपासून उत्तरेला साधारण 300 किलोमीटरवर इयापेल नावाचं गाव लागतं. तिथून थोडं वर गेलं की आउकोच्या टेकड्या. 1983 साली चिली सरकारनं तिथं 4,229 हेक्टरचं राखीव क्षेत्र केलं आणि त्याला नाव दिलं 'लास चिंचिलास'. कुरतडणाऱ्या एका छोट्या प्राण्यासाठी अख्खं राखीव रान, याचं आपल्याला नवल वाटू नये. शेकरूसाठी आपणही 1985 साली भीमाशंकर अभयारण्य केलंच की, आणि शेकरूही कुरतडणाऱ्यांच्याच कुळातलं. आउकोचं रान भीमाशंकरच्या साधारण एक तृतीयांश भरेल.

पण भीमाशंकरची हिरवी गर्दी डोळ्यांपुढे आणू नका. आउकोच्या टेकड्या उघड्याबोडक्या, दगडधोंड्यांच्या. पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही थोडा. तिकडे ऊन उत्तरेकडून येतं, आणि चिंचिला राहतात ते बहुतेक उत्तरेकडे तोंड केलेल्या, तापणाऱ्या, कोरड्या उतारांवर. खडकांच्या सापटीत दिवस काढायचा आणि अंधार पडला की बाहेर यायचं. उंच निवडुंग, काटेरी झुडपं, आणि मधूनच पुया नावाची एक वनस्पती. लांबून पाहिली तर आपल्या बांधावरच्या घायपातासारखी, पण कूळ अननसाचं. पानांच्या कडांना आकड्यांसारखे काटे, आणि फुलोरा माणसापेक्षा उंच, निळ्या-हिरव्या फुलांचा. या पुयाच्या बुंध्याशी, काट्यांच्या वेढ्यात चिंचिला लपतात. कोल्ह्याचं नाक तिथवर पोचत नाही.

खायला काय, तर गवत, पानं, साली, बिया. पाणी प्यायला ओढा शोधत जावं लागत नाही. रसाळ पानांतली ओल आणि दव यांवर भागतं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. इतकं खरखरीत खाणाऱ्याचे दात झिजणारच, ती झीज भरून निघावी अशी ही सोय आहे. काजू-बेदाणे आणि रंगीत गोळ्या खाऊन दात वाढून जबडा बंद होईनासा झालेले चिंचिला माझ्याकडे येतात, तेव्हा मला हाच उतार आठवतो. कोरडं गवत हे त्याचं जेवण. बेदाणा त्याच्या उतारावर पिकतच नाही.

आणि ती लव. एका केसाच्या जागी साठेक केस, इतके बारीक की बोट फिरवलं तर आपण काही शिवलं की नाही अशी शंका यावी. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत इतकी दाट लव दुसऱ्या कोणाची नाही. रात्री पारा उतरतो तेव्हा ती त्याला वाचवते. इतक्या दाट लवेत पिसवांनाही राहायला जागा मिळत नाही. ती स्वच्छ ठेवायला तो पाण्याऐवजी बारीक धुळीत लोळतो. तुम्ही बरणीतली 'चिंचिला सँड' टाकता आणि तो गोल गोल लोळतो, त्याच्या रील्स तुम्ही हौसेनं बनवता. डोंगरावर त्याच्या लोळण्याच्या ठरलेल्या जागा असतात, आणि त्या जागांवरूनच अभ्यासकांना कळतं की या खडकात वस्ती आहे.

हीच लव त्याच्या मुळावर आली.

अँडीजच्या डोंगरातले लोक चिंचिलाची लव जुन्या काळापासून वापरत होते, इंकांच्या काळातही. पण ते गरजेपुरतं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या बाजारात या कातड्याला मागणी आली आणि डोंगरच्या डोंगर रिकामे व्हायला लागले. हाइमे हिमेनेस या चिलीच्या जीवशास्त्रज्ञानं आउकोत वर्षानुवर्षं काम केलं आणि 1996 साली या विनाशाचा हिशेब मांडला. 1828 ते 1916 या काळात एकट्या चिलीतून 70 लाखांहून जास्त कातडी बाहेर गेली. ही नोंद झालेली संख्या आहे. जी चोरून गेली, जी सापळ्यात सडली, जी फाटली म्हणून फेकली गेली, ती वेगळीच. कुत्री सोडायची, सापळे लावायचे, झुडपं पेटवायची, खडक फोडायला सुरुंग लावायचे, असा सगळा प्रकार. सुरुंग लावल्यावर प्राणी मरायचा आणि त्याचं घरही जायचं.

इथे मला डॉक्टर म्हणून एक हिशेब तुमच्यापुढे ठेवायचा आहे. उंदराची मादी एकवीस दिवसांत विते, आठ-दहा पिल्लं घालते. चिंचिलाच्या मादीला 111 दिवस लागतात, जवळजवळ चार महिने. पिल्लं बहुधा दोन, कधी एक, कधी तीन. पण ती काय पिल्लं असतात! अंगावर पूर्ण लव, डोळे उघडे, जन्मल्या दिवसापासून धावायला तयार. खडकाळ रानात पिल्लू आंधळं आणि नागडं जन्माला आलं तर टिकणार नाही, म्हणून आई ते पोटातच पूर्ण घडवते. थोडी पिल्लं, पण भक्कम, असा हा बेत. वर्षाला दोन वेळा व्याली आणि सगळी जगली असं धरलं, तरी एका मादीची चार पिल्लं. चिंचिलाचा एक लांब कोट शिवायला शंभर-दीडशे कातडी लागतात. म्हणजे शंभर कातड्यांचा एक कोट घ्यायचा, तर पंचवीस माद्यांची वर्षभराची सगळी पिल्लं हवीत, एकही न दगावता. उंदराच्या कुळातला म्हणजे पटापट वाढणारच, हा समज बाजारानं करून घेतला आणि तो समज या जातीला फार महागात पडला.

1910 साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारीवर आणि व्यापारावर बंदीचा करार केला. चांगलं पाऊल होतं, पण तोवर प्राणी उरले होते थोडे, आणि बंदीमुळे कातड्याचा भाव आणखी चढला. एका कातड्याच्या पैशात गरीब घराचे कितीतरी दिवस निघत असतील, तर डोंगरावर कोण कोणाला अडवणार? 1929 साली चिलीनं स्वतःचा कायदा केला. अंमलबजावणी करायला माणसं नव्हती. पुढे तर लांब शेपटीचा चिंचिला, म्हणजे तुमच्या पिंजऱ्यातलीच जात, रानातून कायमचा गेला असंच धरून चालले होते. 1970 च्या दशकात इयापेलच्या बाजूला तो जिवंत आहे हे पुन्हा नोंदवलं गेलं, आणि त्यातूनच पुढे ते राखीव क्षेत्र झालं.

आता तुमच्या पिंजऱ्याकडे येते.

मॅथियस चॅपमन हा अमेरिकन खाण-अभियंता चिलीत पोत्रेरियोसला अॅनाकोंडा या तांब्याच्या कंपनीत नोकरीला होता. 1918 च्या सुमाराला एका स्थानिक माणसानं डब्यात घालून आणलेला चिंचिला त्यानं विकत घेतला, असं सांगतात. चॅपमनला तो प्राणी आवडला आणि त्याचा धंदा होऊ शकतो हेही दिसलं. त्यानं 23 माणसं कामाला लावली. तीन वर्षं ही माणसं डोंगर पालथे घालत होती. हाती लागले जेमतेम डझनभर! जिथून लाखोंनी कातडी गेली होती, तिथे तेवीस माणसांना तीन वर्षांत डझनभर.

पण त्यानं पुढे जे केलं ते तुम्ही नीट वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यानं ते प्राणी एकदम खाली आणले नाहीत. थोडं खाली उतरायचं, मुक्काम करायचा, त्यांना हवा मानवू द्यायची, मग आणखी थोडं खाली, असं महिनोन्‌महिने चाललं. जहाजावर पिंजऱ्यांजवळ बर्फ ठेवून उष्ण पट्टा ओलांडला. 1923 च्या फेब्रुवारीत हे प्राणी कॅलिफोर्नियात उतरले. आज जगभरात घरात आणि फार्मवर दिसणारे बहुतेक सगळे चिंचिला त्या मूठभर प्राण्यांचेच वंशज आहेत. त्या मुलाचा चिंचूसुद्धा. शंभर वर्षांपूर्वी ज्याच्या पूर्वजांना बर्फ लावून आणलं, त्याला आपण मे महिन्यात भाजीच्या बास्केटमधून आणतो.

आणि चॅपमननं हे कशासाठी केलं? लवेच्या व्यापारासाठी. रानातला माल संपला, तर पिंजऱ्यात तयार करू, म्हणून. पाळीव चिंचिला ही त्या धंद्याची बाजूला फुटलेली फांदी आहे. त्यात आजच्या पाळणाऱ्यांचा काहीच दोष नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना कातड्याच्या कोटाची शिसारीच येईल, हे मला माहीत आहे. पण 'पाळतो म्हणून वाचलेत' म्हणताना एवढं लक्षात असू द्या, की ही लाखोंची संख्या वाचवण्यासाठी वाढवलेली नाही, कापण्यासाठी वाढवलेली आहे.

मग आता त्यातलेच हजारभर उचलून डोंगरावर सोडले तर? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पाळीव प्राणी रानात सोडण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. आश्चर्य वाटायला नको. शंभर वर्षं ज्यांना लवेच्या रंगासाठी, आकारासाठी, शांत स्वभावासाठी निवडलं, ते प्राणी रानातल्या भावंडांपेक्षा जाडजूड झालेत. घुबडाची सावली म्हणजे काय, हे त्यांच्या चार-पाच डझन पिढ्यांनी पाहिलेलं नाही. कोणत्या सापटीत शिरायचं, कोणत्या महिन्यात कोणतं झुडूप खायचं, हे पिल्लू वस्तीतल्या मोठ्यांसोबत राहून शिकतं. दुकानातल्या चिंचिलाला शिकवायला कोण आहे? शिवाय मूठभर पूर्वजांच्या रक्तातून सगळं कुळ वाढलेलं. पिंजऱ्यातली गर्दी डोंगरावरची जागा भरून काढत नाही, आणि म्हणूनच धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत हा प्राणी आजही 'संकटग्रस्त' आहे. लांब शेपटीचा चिंचिला, जो तुमच्या घरी आहे त्याचा रानातला भाऊ, तोही. आणि उंच अँडीजमधला आखूड शेपटीचा, तोही. रानातल्या चिंचिलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या जागतिक करारानं सगळ्यात कडक बंदी घातली आहे. तिच्यातून पाळीव चिंचिला तेवढे वगळलेत. कागदावरसुद्धा हे दोन प्राणी वेगळे धरलेत, हे विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

बरं, शिकार तर थांबली, मग आता कशानं मरतात? घर जातंय म्हणून.

आउकोच्या राखीव क्षेत्राची हद्द आखली गेली, पण चिंचिला हद्द पाहून राहत नाहीत. हिमेनेसच्या अभ्यासात दिसलं, की जवळपास निम्म्या वस्त्या कुंपणाबाहेरच्या जमिनींवर आहेत. या जमिनींवर शेळ्या चरतात. आउको ज्या कोकिंबो भागात येतं, तिथे शेळ्या राखणारी कुटुंबं आहेत, त्यांना तिकडे 'क्रिआन्सेरो' म्हणतात. आपल्याकडचे धनगर समजा. अवर्षण पडलं की शेळीला काय घालायचं हा त्यांच्यापुढचाही प्रश्न, आणि गेली दहा-पंधरा वर्षं मध्य चिलीत अवर्षणच अवर्षण आहे. मी त्या माणसांना दोष देणार नाही. पण शेळीनं ओरबाडलेल्या उतारावर चिंचिलाला ना खायला उरतं, ना लपायला, हेही तितकंच खरं.

दुसरं सरपण. अल्गारोबिया नावाचं काटेरी झुडूप तिथं वाढतं, अगदी सावकाश. त्याचं लाकूड चांगलं जळतं म्हणून वर्षानुवर्षं ते मुळासकट उपटलं गेलं, चुलीला आणि कोळशाला. आपल्या कोणत्याही माळरानाची हीच कथा आहे. चूल पेटायला एक तास लागतो, झुडूप पुन्हा उभं राहायला पिढी जाते. आणि ज्या उतारावरची झुडपं गेली, तो उतार ओलांडून चिंचिला पलीकडच्या वस्तीत जात नाहीत, उघड्यावर त्यांना घुबड उचलतं. मग एकेक वस्ती बेटासारखी एकटी पडते. पन्नास-साठ प्राण्यांच्या बेटावर एखादं वाईट वर्ष आलं, की संपलं. नंतर तिथं कोणी येत नाही.

तिसरी खाण. चिली तांब्या-सोन्याचा देश, आणि जिथे खडक तिथे चिंचिला, जिथे खडक तिथेच धातू. अटाकामाच्या उत्तुंग भागात, साडेचार हजार मीटरवर, सालारेस नोर्ते नावाची सोन्याची खाण आहे, गोल्ड फील्ड्स या कंपनीची. खाणीच्या जागेतल्या खडकांत आखूड शेपटीच्या चिंचिलांच्या वस्त्या निघाल्या. ते प्राणी पकडून चार-एक किलोमीटरवरच्या दुसऱ्या खडकाळ जागी हलवायचे, असं ठरलं. पैसा होता, तज्ज्ञ होते, परवानगी होती. 2020 साली पहिले चार पकडले. त्यातले दोन मेले. चिलीच्या पर्यावरण नियामकानं ते काम तिथंच थांबवलं. मी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या टेबलावर गळून पडलेला तो पुंजका डोळ्यांपुढे आला. नुसतं हातात धरलं तरी ज्याचं काळीज फाटतं, त्याला घरातून उचलून दुसऱ्या डोंगरावर ठेवायचं आणि 'जग' म्हणायचं! सोनं मात्र 2024 साली निघायला लागलं.

कोणी विचारेल, आणि दवाखान्यात विचारतातही, की नसले चिंचिला तर काय बिघडतं? आमच्या पुण्यात काय फरक पडतो? पुण्यात काही फरक पडणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आउकोत पडतो. तिथल्या मोठ्या शिंगी घुबडाचं आणि कुल्पेओ कोल्ह्याचं ते भक्ष्य आहे. पाऊस बरा झाला की रानउंदीर बेसुमार वाढतात आणि कोरडं वर्ष आलं की होत्याचे नव्हते होतात. चिंचिलांची संख्या तशी वरखाली होत नाही, ते संथ जगतात, दहा वर्षंही काढू शकतात. उंदीर नसलेल्या वर्षी शिकाऱ्यांना जे थोडं मिळतं त्यात हे असतात. झुडपांची पालवी, साल, बी खाणारा आणि त्याच झुडपांच्या आडोशानं जगणारा हा प्राणी त्या उताराचाच भाग आहे. हे उपयोगाचं झालं. मला स्वतःला विचाराल तर एवढ्यावर ते थांबत नाही. काट्यांच्या घेरात, कडाक्याच्या रात्री, पाण्याच्या थेंबाविना, पोटात चार महिने पिल्लू घडवून जगण्याची ही रीत लाखो वर्षांत तयार झाली आणि माणसानं ती शंभर वर्षांत कोटांत शिवून टाकली. उरलेले काही हजार तरी त्यांच्या खडकात राहावेत, हे मागायला मला दुसरं कारण लागत नाही.

आता तुमच्याकडे माझं मागणं.

विकणाऱ्यांनो, 'संपत आलेली जात आहे, तुम्ही घेतलात तर वाचेल' हे वाक्य आजपासून बंद करा. ते खोटं आहे आणि ज्या लहान मुलांचा त्यावर विश्वास बसतो, त्यांचा तो विश्वास फार चांगल्या जागेतून आलेला असतो. गिऱ्हाइकाला हे सांगा, की हा प्राणी पंधरा वर्षं जगू शकतो, 25 अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, दमट हवा त्याला त्याहून वाईट, आणि मुंबई-कोकणात एसीशिवाय त्याला ठेवणं म्हणजे त्याला मारणं आहे. हे ऐकून चार गिऱ्हाइकं परत जातील, जाऊ द्या. मार्च ते जूनमध्ये तर विकूच नका. आणि कोणी 'थेट तिकडून आणलेला' म्हणून दाखवला, तर तो घेऊ नका, त्याची तक्रार करा.

घ्यायच्या विचारात असलेल्यांनो, लोळणाऱ्या चिंचिलाची रील पाहून निर्णय करू नका. तो रात्री जागा असतो. मुलं झोपली की त्याचा दिवस सुरू होतो. त्याला कुशीत घेऊन बसलेलं आवडत नाही. तो एकटा ठेवायचा प्राणी नाही. माझा साधा सल्ला आहे, की महाराष्ट्राच्या हवेत तो आणूच नका.

ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी त्याला मात्र नीट सांभाळा, सोडून देऊ नका, कोणाच्या तरी गळ्यात घालू नका. लाइट गेले तर काय करायचं ते आज ठरवून ठेवा. फरशीचा तुकडा फ्रिजमध्ये थंड करून पिंजऱ्यात ठेवा, पाणी शिंपडू नका. तुमच्या रील्स हजारो लोक पाहतात. दर दहा रील्समागे एक आउकोची करा. अल्गारोबिया दाखवा, पुया दाखवा. एमी डीन नावाची एक अमेरिकन बाई 1990 च्या दशकात तिकडे गेली आणि रानातल्या चिंचिलांसाठी कुंपणाबाहेरच्या उजाड उतारांवर स्थानिक झुडपं लावायला लागली. 'सेव्ह द वाइल्ड चिंचिलाज' हे तिनं उभं केलेलं काम. काम करायचं ते हे. झुडूप परत आलं तर चिंचिला आपोआप सरकतो, त्याला कोणी उचलून न्यावं लागत नाही. एका पिंजऱ्याच्या किमतीत तिकडे बरीच रोपं लागतील.

कातड्याच्या बाबतीत आपल्या देशानं एक गोष्ट बरोबर केली आहे. 2017 च्या जानेवारीत भारतानं मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्याच्या आयातीवर बंदी घातली. परदेशातल्या आपल्या मंडळींनी तिकडच्या दुकानात 'फार्ममधलीच आहे, रानातली नाही' असं ऐकून मऊ कॉलरीवर हात फिरवू नये, एवढीच विनंती. रुमानियानं 2024 साली चिंचिला आणि मिंकचे फार्म बंद करण्याचा कायदा केला आहे. तुम्ही राहता त्या देशात काय आहे, ते तिथल्या लोकप्रतिनिधीला विचारा.

चिंचू त्या दिवशी वाचला. संध्याकाळी साडेसहाला त्यानं मान उचलली, कानांचा लाल रंग उतरला. मुलगा त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होता. वडील खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले होते. जाताना मुलानं विचारलं, "डॉक्टर, तिकडे याचं कोणी आहे का अजून?"

मी म्हटलं, आहे. आपण सकाळी शाळा-कॉलेजला निघतो ना, तेव्हा तिकडे रात्र असते. त्या वेळी ते खडकातून बाहेर येतात.

आपली,
एक पशुवैद्य, पुणे